‘चालते’ लिहिलेल्या अकरा कॅसेटी

दादा, तेराव्याला लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की मी मधेच उठून स्वयंपाकघरात निघून गेले. "भैयाजी ने ज़िंदगी में कभी झूठ नहीं बोला," असं तुझा कारखान्यातला कुणी सोबती सांगत होता आणि सगळे माना डोलावत होते. वहिनी तेवढी खाली बघत बसली होती. मला वाटलं, रडतेय. ती का खाली बघत होती ते मला काल कळलं. तू गेल्याला अजून महिना व्हायचाय, राग जरा ओसरू दे मग लिही, असं कुणीही शहाणं माणूस सांगेल. मला तो ओसरायला नकोय. तू खोटारडा होतास, आणि हे तोंडावर सांगायची सोयसुद्धा तू ठेवली नाहीस.

सगळं सुरू झालं ते त्या ॲपवरून. मागच्या दिवाळीत मी माझ्या प्रेम नगरच्या घरून फराळाचा डबा घेऊन तुझ्याकडे आले, तर तू मला थेट मागच्या खोलीत नेलंस. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर व्हिडिओ गेमच्या कॅसेटी. पहिल्या पगारात तू टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला होतास, मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते. लोकांनी पुढे ते डबे भंगारात दिले, कॅसेटी फेकल्या, आणि तू त्या एकेक करून घरी आणत राहिलास. "छोटी," तू म्हणालास, "तू शाळेत पोरांना कंप्यूटर शिकवतेस ना? मला एक ॲप करून दे. कुठली कॅसेट कुठल्या फळीवर, कोणाकडून आली, चालते का नाही. सगळं डोक्यात आहे, पण डोकं आता जुनं झालं." मी म्हटलं, वहीत लिही. तू म्हणालास, वहीला शोधता येत नाही. पहिलं भांडण तिथेच झालं आणि ते तू जिंकलास.

मग दर रविवारी सकाळी दहाला मी लॅपटॉप घेऊन हजर. आठवतं ना, किती भांडलो? एका कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम असं छापलेलं, आणि आत तेच सहा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, ॲपमध्ये सहा लिहायचं. तू म्हणालास, छापलंय ते लिहायचं, त्या कंपनीच्या थापा हाही इतिहासच आहे. दोन रविवार त्यात गेले. पण खरं वाजलं ते ‘चालते का’ या रकान्यावरून. तुला तिथे निबंध लिहायचे होते: ‘कधी कधी चालते’, ‘थंडीत चालते’, ‘थोडं हलवलं की चालते’. मी सरळ दोन बटणं दिली, ‘चालते’ आणि ‘बंद’. पोरगा पास झाला की नापास तेवढं सांग, त्याच्या घरची परिस्थिती नको, असं मी म्हटलं. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मग स्वतःच फोन करून नियम काढलास: दहा मिनिटं खेळून बघितल्याशिवाय ‘चालते’चं बटण दाबायचं नाही. नियम तुझा होता, दादा. माझा नाही.

आणि त्या नियमाची काय शेखी मिरवायचास! तुमच्या त्या जुन्या गेम जमवणाऱ्यांच्या टोळक्यात म्हणे बोललं जायचं की झाँसीवाले भाईसाहब का ‘चालू’ मतलब चालू. तूच मला हे चार वेळा सांगितलंस. म्हणून तर ग्वाल्हेरच्या तिवारीजींना तू शब्द दिलास की माझ्यानंतर हे सगळं तुमच्याकडे, एकत्र राहील, लोक येऊन खेळतील. वहिनीनेही हो म्हटलं. उद्या रविवारी तिवारीजी गाडी घेऊन येणार आहेत. मी फोनवर विचारलं की तपासून घ्याल का, तर ते म्हणाले, "दीदी, भाईसाहब की लिस्ट है, उसमें चेक क्या करना." तुझ्या शब्दावर माणूस डोळे मिटून सगळं घेऊन जाणार होता. मी मास्तरीण. मला राहवेना. गुरुवारी शाळा सुटल्यावर आले आणि म्हटलं, दहा-वीस लावून बघू.

पहिल्या फळीच्या सगळ्या ठणठणीत. चौथ्या फळीवरची तिसरी कॅसेट लावली आणि पडद्यावर खिचडी. अर्धे चौकोन, उलटी अक्षरं, माणसाच्या जागी रंगीत पट्टे. यादीत मात्र ‘चालते’. म्हटलं, असेल एखादी. पुढची नीट, त्यापुढची पुन्हा खिचडी. काल दुपारपर्यंत अशा अकरा निघाल्या, दादा. अकरा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे दहा मिनिटं राहू दे, तू त्या नुसत्या लावूनसुद्धा बघितल्या नव्हत्यास, आणि तिथे बसून बटणं दाबली होतीस.

तुला एक गोष्ट ठाऊक नव्हती. तू नोंद केलीस की ॲप आपोआप वेळ लिहून ठेवतं. मी त्या वेळा काढल्या. आधीच्या नोंदींत दर दोन कॅसेटींमध्ये पंधरा-वीस मिनिटं आहेत, अगदी नियमाने. होळीनंतर एकदम दोन-दोन मिनिटं. चौथी फळी तू एका दुपारी संपवलीस. आणि हे बघून मला अजून एक आठवलं, त्यामुळे तर जास्तच जळफळाट झाला. त्या आठवड्यात मी तुला फोनवर म्हटलं होतं, "शाब्बास, आता कसा वेग धरलास!" तू म्हणालास, "हाँ, आता हात बसला." हात बसला म्हणे.

मग मी ठरवलं की कीड काढायचीच तर पुरती काढू. ‘बंद’ लिहिलेल्याही लावून बघते. बहुतेक बंदच होत्या, ना चित्र ना आवाज. त्यात तुझी बुद्धिबळाची कॅसेट होती. होळीनंतरची नोंद, ‘बंद’. मी लावली तर काळा-पांढरा पट स्वच्छ समोर. मी एकटीच हसले. म्हटलं, घ्या, बंद पडलेली चालते आणि चालती कॅसेट बंद, भाईसाहबांची लिस्ट. आणि मग लक्षात आलं की खोलीत काहीच आवाज नाहीये. त्या गेमला गाणं नाही. बटण दाबून डाव सुरू करावा आणि सोंगटी हलवावी, तेव्हा कुठे एक टक् वाजतं. तोवर तो गेम गप्प असतो.

मी टीव्हीकडे पाठ केली आणि त्या अकरा कॅसेटी पुन्हा लावल्या. सगळ्यांची गाणी सुरुवातीपासून अगदी स्वच्छ वाजली. कॅसेटमध्ये चित्राची चिप वेगळी असते आणि बाकी खेळाची वेगळी. चित्राच्या बाजूच्या, डब्याला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या मळल्या की पडद्याचा सत्यानाश होतो, पण गाणं व्यवस्थित वाजतं. हे तूच मला शिकवलं होतंस. तू लावून बघत होतास. फक्त बघत नव्हतास, ऐकत होतास. तुला पडदा दिसत नव्हता.

मी तशीच उठून वहिनीकडे गेले. ती बड्या बाजारातून आणलेली भाजी निवडत होती. मी म्हटलं, "वहिनी, दादाला दिसत नव्हतं?" तिने मेथीची जुडी खाली ठेवली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "एक डोळा तर होलीच्या आधीच गेला होता गं. दुसऱ्यात धुँधला, बस उजाला दिसायचा. शुगर से." मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं होतं का. तर दाखवलं होतं. ग्वाल्हेरला. मला तुम्ही सांगितलं होतंत, लग्नाला चाललोय. मी वर विचारलंही होतं की जेवणात काय होतं, आणि तू मला अख्खं ताट वाढून सांगितलंस, कोशिंबिरीपासून. डॉक्टर म्हणाले की सहा महिने आधी आला असता तर बरंच वाचलं असतं. आता जेवढं आहे तेवढं टिकवायला डोळ्यात सुया घ्याव्या लागतील. दोन घेतल्यास. तिसरीला गेला नाहीस. वहिनी मागे लागली तर तिच्यावर खेकसलास.

मी तिच्यावर ओरडले. खोटं कशाला सांगू. म्हटलं, मी आठ मिनिटांच्या वाटेवर राहते, तू मला एक फोन करू शकली नाहीस? ती रडली नाही. उलट माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "मुझे कसम दी थी. म्हणाले, छोटी को पता चला तो यादी बंद, सिर्फ दवाई चालू. मग इतवार को आएगी तो मेरी आँख देखने आएगी, मुझसे लड़ने नहीं." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

ते खरंच होतं. खोटं असतं तर मी तिथल्या तिथे तुला झाडलं असतं. तीन वर्षांपूर्वी तुझी शुगर निघाली तेव्हा मी काय केलं होतं ते मला आठवतंय. तुझ्या घरात शिरून साखरेचे डबे रिकामे केले. फ्रिजवर तक्ता चिकटवला. रोज संध्याकाळी फोन करून आकडा विचारायचे आणि आकडा वाढला की वहिनीलाही सोडायचे नाही. तुझ्या वाढदिवसाला मी काकडी कापून आणली होती. तू ती खाल्लीस, बिचारा. तीन महिन्यांनी म्हणालास, "आता नॉर्मल आहे," आणि मी समाधानाने माझ्या घरी गेले. एकदाही रिपोर्ट मागितला नाही. वर्गात पोरगं म्हणालं की गृहपाठ केलाय, तर मी वही उघडून बघते. तुझी वही मी उघडली नाही, कारण तू नॉर्मल आहेस असं मलाही हवं होतं.

काल संध्याकाळी घरी येऊन मी ॲपमधल्या बदलांची नोंद काढली. तू काहीही मागितलंस की मी ते तारखेनिशी लिहून ठेवायचे, वर एखादा टोमणा जोडून. ‘अक्षरं मोठी हवीत. फळ्यावर लिहू का?’ ‘अजून मोठी. आता पानावर तीनच कॅसेटी मावतात, हात टेकले.’ मी सुंदर फिका राखाडी रंग दिला होता. तुला पिवळ्यावर काळं हवं होतं, रस्त्यावरच्या धोक्याच्या पाटीचं. त्यावर मी लिहिलंय: ‘रुची शून्य.’ मग म्हणालास फोटो काढून टाक, उगाच जागा खातात. त्या फोटोंसाठी मी माझी नाताळची सुट्टी घातली होती. मी लिहिलं: ‘कृतघ्न.’ मग म्हणालास, मी बोलेन, ॲपने लिहावं. मी लिहिलं: ‘आळसाची हद्द.’ शेवटची मागणी होती की ॲपने यादी वाचून दाखवावी. त्यावर टोमणा नाही, नुसतं ‘बघू’ लिहिलंय. ते मी केलंच नाही. वार्षिक परीक्षा आल्या होत्या. तुझे डोळे कसे कसे गेले ते मी माझ्या हाताने तारखांसकट लिहून ठेवलंय, आणि दर तारखेला तुला एकेक शिवी दिलीय.

आणि बरुआसागरची ती फेरी. तिथल्या एका बंद झालेल्या दुकानात कॅसेटींचं खोकं निघालंय असं तुला कळलं. तू म्हणालास, पाठ दुखते, स्कूटर तू चालव. जन्मात मला तुझी स्कूटर दिली नव्हतीस. मी तर खुशीत निघाले. येताना तलावाशी थांबलो, शेंगा खाल्ल्या, आणि तू विचारलंस, "पानी कितना है छोटी, भरलाय का?" मी म्हटलं, "समोर तर आहे, दिसत नाही का?" तू हसलास. बड्या बाजारात गर्दीत माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागलास, तेव्हा मी म्हटलं, एवढं लाडात यायला काय झालं, लोक बघतायत. तू हात काढलास आणि दोन पावलांवर हातगाडीला धडकलास. गाडीवाल्याशी मी भांडले. तो सारखा म्हणत होता, "दीदी, हम तो खड़े थे." बिचारा खरंच उभा होता.

तर आता सांग, हे सगळं मी कुठे ठेवू? तू आंधळा होत होतास ते मला कळलं नाही, याची लाज वाटते. पण लाज एकीकडे आणि राग एकीकडे. तू मला रविवारी बोलावत राहिलास, भांडत राहिलास, ते मला मिळालं, आणि ते फार होतं, मी नाकारत नाही. माझं लग्न झाल्यापासून आपण एवढे कधी बोललो नव्हतो. पण त्या रविवारांसाठी तू सुया सोडल्यास का? साखर पुढे छातीपर्यंत गेली आणि एका सोमवारी सकाळी चहाचा कप हातात असताना तू खाली बसलास. हा सौदा तू मला न विचारता केलास. मला विचारलं असतंस तर मी तो मोडला असता, म्हणूनच विचारलं नाहीस. त्याचीच तर चीड आहे.

आज सकाळी मी परत तुझ्याकडे गेले आणि त्या अकरा नोंदी ‘बंद’ करायला बसले. वहिनीने फोन माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "उनका लिखा मत काटो. तिवारीजी काय म्हणतील?" मी म्हटलं, तिवारीजींना खोटी यादी देऊ? ते घरी जाऊन लावतील, खिचडी दिसेल, आणि मग टोळकंभर पसरेल की झाँसीवाल्याने टोप्या घातल्या. ती म्हणाली, "तर मग नीट करून दे. तुला येतं ना?" येत होतं. मळलेल्या पट्ट्या पुसायच्या, एवढंच तर होतं. लहानपणी मी कॅसेटमध्ये फुंकर मारायचे आणि तू माझ्या डोक्यात टपली द्यायचास, थुंकीने गंज चढतो म्हणून. तुझं खोडरबर आणि स्पिरिटची बाटली तिथे खिडकीतच होती.

आम्ही दोघी जमिनीवर बसलो. वहिनी पेच काढत होती, मी पट्ट्या घासत होते. तिला पेच काढता येतात हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, ज्या वाजत नसत त्या कॅसेटी पुसायला मार्चपासून मीच उघडत होते, त्यांना पेच दिसायचा नाही. म्हणजे ती पण त्या खोलीत होती. पडद्यावर काय दिसतं ते तिलाही कधी विचारलं नाहीस; विचारलं असतंस तर खिचडी आहे की खेळ, एवढं तिलाही सांगता आलं असतं. एकेक कॅसेट लावत गेलो. पहिलीचं चित्र आलं. दुसरीचं आलं. दुपारच्या जेवणापर्यंत दहांची चित्रं आली. एक काही केल्या आली नाही, ती मी ‘बंद’ केली, आणि बुद्धिबळाची ‘चालते’ केली. बाकी तुझं लिहिलेलं जसंच्या तसं आहे. तिवारीजींना मी सांगणार आहे की शेवटच्या तीन फळ्या माझ्या भावाने दिसत नसताना कानांनी तपासल्या. तुला आवडणार नाही. नको आवडू दे.

एका कॅसेटीला दोन मिनिटं लागली, दादा. खोडरबर, थोडं स्पिरिट आणि समोर बघणारं एक माणूस. मी दर रविवारी तुझ्या बाजूच्या खुर्चीत बसलेली असायचे, दोन्ही डोळे शाबूत. "छोटी, जरा बघ गं, चित्र येतंय का," एवढं एक वाक्य तुला म्हणायचं होतं. मी बघितलं असतं. मग औषधाचं बोलले असते, हो, बोललेच असते, तासभर बोलले असते, काकडी आणली असती, तक्ता चिकटवला असता, तुला ओढत ग्वाल्हेरला नेलं असतं. ते सगळं तू ऐकून घ्यायचं होतंस. ऐकू तर तुला नीट येत होतं.